स्लॅबपर्यंत आलेले नाना

मांजरसुंब्याच्या चौकातून सोलापूरच्या दिशेनं निघालं, की चौसाळ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना रानात मधूनच कॉलम उभे दिसतात. दारं नाहीत, खिडक्यांच्या जागी भोकं. वर स्लॅब, स्लॅबच्याही वर हातभर सळया आभाळाकडं गेलेल्या, आणि त्यांतल्या एकीला काळी बाहुली टांगलेली. नव्या माणसाला वाटतं, एखादी सरकारी योजना अर्धवट पडली असणार. तसं नसतं. सरकारी योजना अर्धवट पडली तरी तिचा फलक पूर्ण असतो. हे कॉलम आमच्याकडून पुण्याला गेलेल्या माणसांचे. मालक वाघोलीला, भोसरीला नाहीतर हडपसरला फ्लॅटमध्ये राहतो, आणि "काम कुठवर आलं?" असं कुणी विचारलं तर वर्षानुवर्षं एकच उत्तर देतो, "स्लॅबपर्यंत आलंय."

आमचे नाना हे या पंथाचे मूळपुरुष. नात्यानं माझे चुलतभाऊ, वयानं मोठे. मी इथंच मास्तरकी करतो, त्यामुळं नानांच्या बांधकामाची चावी माझ्याकडं असते. घराला दार नसताना चावी कशाची, हा प्रश्न रास्त आहे. पुढं खुलासा येईल.

बीडच्या आयटीआयमधून फिटरचा कोर्स करून नाना भोसरीला गेले आणि तिथंच रुजले. गावाकडं वाटण्या व्हायची वेळ आली तेव्हा धाकटा भाऊ आबा फार मायेनं म्हणाला, "नाना, तुमी पुण्याचं माणूस. तुमाला उंचावरची जागा बरी. समदं शिवार दिसतंय तितून." नानांना ते पटलं. खालचं काळं रान आबाकडं आणि वरचा माळ नानांकडं. तेव्हापासून आबाला काळी जमीन आहे आणि नानांना ती दिसते.

एक मात्र मान्य करायला हवं, घर बांधायला माळच बरा. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते, पावसाळ्यात फुगून वर येते; तिच्यात पाया घ्यायचा तर मुरूम लागेपर्यंत खांदत बसावं लागतं. माळाला चार टिकाव मारले की मुरूमच. हे नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला अशा थाटात सांगतात, की वाटणीच्या वेळी त्यांनीच मातीचं परीक्षण करून माळ मागून घेतला होता. आबा शेजारी उभा राहून मान हलवतो. एकराला सोयाबीन किती झालं हे तो अशा वेळी सांगत नाही.

नानांकडं एक प्लास्टिकची फाइल आहे. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि सगळ्यांत वर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम ४१ ची झेरॉक्स. शेतात राहण्यासाठी घर बांधायचं तर जोतं १५० चौरस मीटरच्या आत हवं, हे त्या कलमातलं वाक्य त्यांनी पिवळ्या शाईनं रंगवलंय. नानांचा नकाशा १४९ पूर्णांक काहीतरी भरतो. फिटर माणूस, सवलत आहे तर ती काठापर्यंत वापरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नकाशा पुण्याच्या आर्किटेक्टनं काढलेला, त्यात लिव्हिंग आहे, डायनिंग आहे, मास्टर बेडरूम आहे आणि पुढं 'सिटआउट' नावाची ओसरी आहे.

कॉलम अठरा. एवढ्या घराला दहा-बारा पुष्कळ झाले असते, असं मिस्तरी अजून म्हणतो. पण त्यामागं किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, तिकडं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली माणसं झोपेत गेली, तेव्हा नाना गणपतीच्या सुट्टीवर गावी होते. इकडंही जमीन हलली, उतरंडीची भांडी वाजली. त्यानंतर आमच्या भागात कुणी घर बांधायला काढलं की बाकी काटकसर करील, कॉलमात करणार नाही. त्या एका बाबतीत मी नानांची चेष्टा करत नाही. मात्र त्यांची आई, म्हणजे आमच्या बाई, भूकंपानंतरही माळवदाच्या घरातून हलल्या नाहीत. "उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊब. पडायचं आसंल तर पडंल," एवढंच म्हणाल्या. त्या अजून तिथंच आबाजवळ राहतात.

मिस्तरी आणि नाना यांचं भांडण मात्र मोजमापाचं आहे. नाना मिलिमीटरचे. मिस्तरी सुताचा, त्याच्या हिशेबात इंचाचे आठ सूत होतात आणि दोन सुतांपर्यंतचा फरक हा फरकच नसतो. नाना ओळंबा सोडतात, चष्मा कपाळावर घेतात आणि म्हणतात, "मिस्तरी, पाच मिलिमीटर आउट आहे." मिस्तरी तंबाखू मळत म्हणतो, "गिलाव्यात जातंय, नाना." खिडकीचं भोक एका बाजूला झुकलंय? गिलाव्यात जातंय. जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा ठेंगणी? फरशीत जातंय. नानांचा अर्धा जन्म यंत्राचा एकेक भाग काट्यावर बसवण्यात गेला. जगातली एवढी चूक गिलाव्याखाली सुखानं नांदते हे त्यांना अजून झेपलेलं नाही.

आता कुणी विचारील, काम स्लॅबवरच का थांबलं? पैसे नाहीत का? थोडेफार आहेत. खरी अडचण आमच्या तीन ऋतूंची आहे. पावसाळ्यात खडीचा ट्रक महामार्गावरून उतरला की काळ्या रानातल्या वाटेत चाकाएवढा रुततो, आणि तो काढायला ट्रॅक्टर लागतो. उन्हाळ्यात वाट कोरडी खडखडीत, माणसंही असतात; पण बोअर आटलेला, आणि बांधकामाला पाणी मारायचं तर टँकर विकत घ्यायचा. गाव पिण्याच्या घागरीसाठी रांगेत उभं असताना भिंतीवर टँकरचं पाणी मारायला नानांचं मन होत नाही. त्यांच्याबद्दल मला वाटणारा जो काही आदर आहे तो बराचसा या एका कारणानं आहे. राहिला हिवाळा. हवा छान, बोअरला पाणी, वाट मोकळी. फक्त माणसं नसतात. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची जोडपी मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकच्या साखर कारखान्यांकडं ऊसतोडीला जातात, ती हंगाम संपून पट्टा पडल्यावर चैताच्या सुमारास परततात. नानांचे बिगारी म्हणजे हीच माणसं. मिस्तरी गावातच असतो, पण बिगारी नसला की मिस्तरी हा निव्वळ सल्लागार उरतो.

आणि नाना नेमके हिवाळ्यातच येतात. नाताळची सुट्टी जोडून येते, लेकीला हिंजवडीच्या ऑफिसातून रजा मिळते, हुरडा आलेला असतो. म्हणजे साइटवर चिटपाखरू नसतं त्याच आठवड्यात मालक सहकुटुंब कामाची पाहणी करायला हजर.

मागच्या डिसेंबरात आले तेव्हा दोन गाड्या होत्या. पुण्याहून अहिल्यानगर, जामखेड, पाटोदा करत मांजरसुंब्याला उजवीकडं वळले ते दुपारी चौसाळ्यात. नाना, वहिनी, मुलगा, लेक, जावईबापू आणि पाच वर्षांची नात. सामानात पाण्याचे जार, डास मारायची रॅकेट, थंडीत झोपायच्या पिशव्या, गाणी वाजवायचा डबा आणि सीताफळाची सहा रोपं. रोपं पाहून आबाला काही सुचेना. बालाघाटाच्या उतारावर सीताफळ आपोआप उगवतं, शेळीही त्याला तोंड लावत नाही, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. नानांनी मात्र पुण्यातल्या रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून 'एनएमके-१ गोल्डन' आणली होती. ती जात मुळात बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याची. म्हणजे आमच्या जवळच्याच मुलखातून निघून ती पुणं बघून आमच्याकडं आली होती. आबा एवढंच म्हणाला, "लावू की. पुण्याला जाऊन आल्यालीत, शिकल्याली आसतील."

गाडीतून उतरताच लेकीनं विचारलं, "काका, बाथरूम?" आता चावीचा खुलासा. वहिनींनी आणि लेकीनं सुरुवातीलाच अट घातली होती, की आधी संडास-बाथरूम, मग बाकीचं घर. म्हणून त्या अठरा कॉलमांच्या पसाऱ्यात तेवढी एकच खोली पुरी झाली आहे. छतापर्यंत टाइल्स, पांढराशुभ्र कमोड, आरसा आणि दार. अख्ख्या बांधकामातलं एकमेव दार. आणि ज्या रानात एकच दार आहे तिथं मौल्यवान वस्तू कुठं ठेवायच्या हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मी कुलूप काढलं. आत युरियाच्या गोण्या, हरभऱ्याचं उरलेलं बियाणं, फवारणीचा पंप आणि भिंतीवर, शॉवर यायचा होता तिथं, मोटारीचा स्टार्टर. ते सगळं बाहेर काढेपर्यंत लेक एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. मग पाण्याचा प्रश्न आला. आबानं शांतपणे सांगितलं, "ह्या आठवड्यात शेतीची लाइट रातपाळीला हाय. धा वाजता येतीय." जावईबापू सांगलीकडचे, कालव्याकाठचे, त्यांना आधी हा विनोद वाटला.

मग पाहणी. स्थळ बघायला आल्यासारखी सगळी मंडळी रांगेनं फिरली. नाना पुढं, हातात टेप. "हे लिव्हिंग. इथं सोफा. ही मोठी काच, सकाळी इथून सूर्य." आबा मागून दुरुस्ती करत होता. घराची आबाची स्वतंत्र वास्तुरचना आहे आणि ती खोलीतल्या मालावर चालते.

नाना म्हणाले, "आबा, मास्टर बेडरूम अजून रिकामी नाही केली?"

"म्हंजी कंची? सोयाबीनची का कापसाची?"

मास्टर बेडरूम कापसाची निघाली. वेचलेला कापूस खिडकीच्या भोकापर्यंत रचलेला, भाव वाढायची वाट बघत पडलेला. नाना रागावले. "घर आहे का गोडाऊन? उद्याच्या उद्या हलव." आबा म्हणाला, "हलवतो की. भाव आला की लगीच." असा भाव कधी येतो हे बीड जिल्ह्यात कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळं उत्तर दोघांनाही सोयीचं होतं.

वहिनींनी स्वयंपाकघरात उभं राहून ओटा पूर्वेला हवा, दक्षिणेला आलाय, हे दाखवून दिलं. लेकीनं विचारलं, "आई, तू राहणारेस का इथं?" "मी? दोन दिवसांच्या वर नाही. पण म्हणून ओटा दक्षिणेला?" नानांनी लगेच फाइलीवर लिहून घेतलं. मुलगा स्लॅबवर जाऊन दूरच्या पवनचक्क्या आणि रेंज शोधत होता. जावईबापूंना काय विचारावं सुचेना, म्हणून त्यांनी एका कॉलमवर थाप मारून बघितली. नाना कृतार्थ झाले. "अठरा आहेत," म्हणाले.

बाईंना आबानं मोटारसायकलवरून आणलं होतं. त्या घरात गेल्याच नाहीत. बाहेर खडीचा ढीग होता त्याच्यापाशी बसल्या, दोन खडे हातात घेऊन फिरवून बघितले. "ही कुणी फोडली?" नाना म्हणाले, "बाई, क्रशरची आहे. मशीनची." बाईंनी खडे टाकून दिले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी रोजगाराच्या कामावर रस्त्यासाठी खडी फोडली होती. नाना तेव्हा अंगावर होते आणि सुकडीवर वाढले. "आमची अशी गेली आसती तर मुकादमानं मापात धरली नसती," त्या म्हणाल्या. "ह्यात चपटी लई हाय." पुण्याच्या आर्किटेक्टनं, मिस्तरीनं आणि खुद्द नानांनी पास केलेली खडी बाईंनी नापास केली. चपटी खडी काँक्रीटला वाईट, हे नानांनाही ठाऊक होतं. त्यांनी मिस्तरीकडं बघितलं. मिस्तरीनं माझ्याकडं बघितलं. गिलाव्यात जातंय असं बाईंसमोर म्हणायची त्याची छाती झाली नाही.

संध्याकाळचा हुरडा मात्र दृष्ट लागण्यासारखा झाला. आबानं बांधाच्या आडोशाला गोवऱ्यांची आगटी केली, कणसं निखाऱ्यात खोचली, आणि बाईंच्या हाताखाली गरम दाणे सुटू लागले. लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं. बाईंचे तळवे निखाऱ्याचे सरावलेले. जावईबापूंनी एक कणीस चोळायला घेतलं आणि लगेच परत दिलं. पुण्याजवळ हुरडा पार्टीला माणशी किती मोजतात हे नानांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आबा म्हणाला, "मंग तुमच्या घराला पाटी लावू का, नाना? माणशी घेऊ." नाना हसले नाहीत. मला वाटतं त्यांनी हिशेब केला.

मुक्काम माळवदाच्या घरात करायचा, असं वहिनी, लेक आणि थंडी या तिघींचं मत होतं. नानांनी जाहीर केलं की आज पहिली रात्र आपल्या घरात. जावईबापूंना सासऱ्याला नाही म्हणता येईना, लेकीला नवऱ्याला एकटं सोडता येईना, नातीला हा तंबूचा खेळ वाटला. अशा रीतीनं बहुमत झालं. लिव्हिंगमध्ये ताडपत्री अंथरली. बालाघाटावरचं डिसेंबरातलं वारं काय चीज आहे हे ज्यानं आडोशाशिवाय झेललंय त्यालाच ठाऊक. आर्किटेक्टनं 'क्रॉस व्हेंटिलेशन' म्हणून चारही बाजूंना मोठी भोकं ठेवली होती, आणि त्या रात्री त्याच्या अभ्यासाचं चीज झालं. मी नऊच्या सुमारास त्यांना शुभरात्र म्हणून घरी गेलो आणि दोन गोधड्या घेऊन निजलो. मला कुणी आग्रह केला नव्हता, आणि केला असता तरी मास्तरांना सकाळी शाळा असते.

पुढचं आबानं सांगितलं. दहाला लाइट आल्यावर तो ज्वारीला पाणी द्यायला निघाला. स्टार्टर बाथरूममध्ये, म्हणून चढून बांधकामावर आला. लिव्हिंगमध्ये ताडपत्री फडफडत होती, माणूस एक नाही. घाबरून त्यानं बॅटरी इकडं-तिकडं फिरवली. मास्टर बेडरूममध्ये कापसाच्या ढिगातून सहा डोकी वर आलेली होती. सगळ्यांत वर नाना, कानटोपीसकट, आणि एका कोपऱ्यात गुलाबी पिशवीत गळ्यापर्यंत बंद केलेली नात. आबानं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "यंदा बोंडअळी लई मोठी पडलीय."

साठवलेल्या कापसात निजलं की काय होतं हे आमच्या भागात ज्याच्या घरात कापूस असतो त्या प्रत्येक पोराला माहीत असतं. पहाटेपासून खाज सुरू झाली. सकाळी मी गेलो तेव्हा जावईबापू अठरापैकी एका कॉलमला पाठ घासत होते, आणि कॉलमला गिलावा नाही याचा त्यांना प्रथमच फायदा वाटत होता. बाईंनी कडुनिंबाचा पाला उकळून हंडाभर पाणी केलं, सगळ्यांना अंगणात ओळीनं बसवून आंघोळी घातल्या, खोबरेल चोळलं. नानांनाही. पुण्याच्या कंपनीत माणसांवर हुकूम चालवणारा माणूस, आईनं मान धरल्यावर मुकाट खाली वाकला. आबाला वेगळीच काळजी होती. तो कापूस चाळत बसला. "केस निघाला, चिप्सचं पाकीट निघालं, तर व्यापारी भाव पाडतो. नाना, कापसात निजायचं तर डोकं बांधून निजावं."

दुपारी निघताना नानांनी मला यादी दिली. खोल्या रिकाम्या करणे. खडी बदलून घेणे. ओट्याची दिशा. रोपांना पाणी. मी होय म्हटलं. आबानं गाडीत ज्वारीचं पोतं, तुरीच्या शेंगा आणि बोरांची पिशवी टाकली. बाईंनी जावयाच्या हातात कडुनिंबाच्या पाल्याची जुडी दिली. युरिया परत बाथरूममध्ये गेला, मी कुलूप लावलं.

महिनाभरानं आबानं आपणहून नानांना फोन लावला. "नाना, हॉलच्या खिडक्यांला ग्रिल बसवून घ्या. आता उशीर नगं." नाना इतके हरखले की संध्याकाळी मला फोन. "बघ, आबालाही आता घराची ओढ लागली." पैसे त्यांनी त्याच दिवशी पाठवले होते. आबाला कसली ओढ लागली होती ते मला ठाऊक होतं: दोन शेळ्या व्याल्या होत्या, हॉल बाळंतिणींना दिला होता आणि करडं भोकांतून बाहेर उड्या मारत होती. हे मी नानांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "मास्तर, ग्रिलच्या दोन गजांत अंतर किती ठेवू? मिलिमीटरमध्ये सांग, अंदाजे नको."

मी म्हटलं, बघून कळवतो. टेप घेऊन हॉलमध्ये गेलो. आबानं करडाचं डोकं धरलं आणि मी कानांसकट माप घेतलं.